मॉस्को आणि वॉशिंग्टन, मार्गे काटोल

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूर असं तापलं होतं की सीताबर्डीच्या चौकात माझी सावली मला सोडून रसवंतीत जाऊन बसली. तिला बाहेर काढायला मला दोन ग्लास रस प्यावा लागला. यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या गोष्टीवर ठेवा, तिच्यात मी फक्त लिहिणारा होतो.

आमच्या वस्तीत हनुमानाचं देऊळ आणि बुद्धविहार यांची भिंत एकच. देवळात रुखमाबाईंचं भजन मंडळ, विहारात बायजाबाईंचं महिला मंडळ. संध्याकाळी दोन्हीकडच्या बाया पारावर जमायच्या आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. एके दिवशी वाचलं की अमेरिका आणि रशियाकडे सारी दुनिया कितीतरी वेळा जाळता येईल एवढे बॉम्ब आहेत.

"एकदा जाळल्यावर दुसऱ्यांदा काय जाळतेत गा?" रुखमाबाईंनी विचारलं.

उत्तर शोधायला मी पेपर उलटून पाहिला. मागच्या पानावर सिनेमाच्या जाहिराती होत्या.

"मग त्याइलेच विचारू ना," बायजाबाई म्हणाल्या. "लिहा पत्र, वामनराव. दोन्ही मंडळांकडून."

मी पेन काढलं आणि 'महामहीम' असा मायना घातला. रुखमाबाईंनी मला थांबवलं.

"वय काय त्याइचं?"

"अमेरिकेचा बहात्तरचा. रशियाचा सत्तरीला टेकलेला."

"मी अठ्ठ्याहत्तरची. लहानच आहेत. चिरंजीव लिहा."

तर पत्र असं झालं: 'चिरंजीव यांस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुमचे क्षेम कळवावे. तुम्ही दोघे आपसात बोलत नाही असे ऐकतो. बोलावे. एकदा जाळल्यावर दुसऱ्यांदा काय जाळणार ते सांगावे. बॉम्ब विहिरीत टाकू नयेत, पाणी बिघडते.'

रुखमाबाईंनी पहिला अंगठा दिला. मागून त्यांच्या मंडळानं दिला. मग बायजाबाईंनी पेन हातात घेतलं, पत्र वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"इकडील सर्व क्षेम? हे खोटं आहे."

"बाई, तशी रीत आहे," मी म्हणालो. "घराला आग लागली तरी लोक असंच लिहितात."

"तुमी लिहा. आमी दर रविवारी विहारात शील घेतो, खोटं बोलणार नाई म्हणून." त्या रुखमाबाईंकडे वळल्या. "काटोलच्या बहिणीसंगं अकरा वर्षं झाले तुमी बोलल्या नाई. आन् या दोघाइले सांगता, बोला म्हणून."

जयवंता ही रुखमाबाईंची धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नात तिनं थोरल्या बहिणीला दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. तेव्हापासून अबोला.

"ते वाक्य खोडून टाकू," मी सुचवलं.

"क्षेम नाई लिहायचं?" रुखमाबाई म्हणाल्या. "मयताचं पत्र आहे का हे?"

विहाराच्या एकतीस सह्या तिथंच अडल्या. अर्ध्या वस्तीचं पत्र पाठवायला रुखमाबाई तयार नव्हत्या, आणि बॉम्बचा तो प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या.

"वामनराव, चाला काटोलले. पत्र घ्या संगं."

एसटीत इतकी गर्दी होती की मी चढलो नागपूरला आणि माझे पाय चढले कळमेश्वरला. असो. जयवंता अंगणात वड्या वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे नाही.

"कोण आलं म्हणायचं, भाऊ?"

"वामनराव, तिले सांगा," रुखमाबाई म्हणाल्या, "पत्र आयकवाले आलो."

"त्याइले सांगा, आयकते म्हणा."

हातभर अंतरावर उभ्या दोघींमध्ये मी निरोप पोचवत राहिलो. मग पत्र वाचायला घेतलं. 'चिरंजीव'पाशी जयवंताच्या ओठाचा कोपरा हलला. 'इकडील सर्व क्षेम' म्हटलं आणि ती गर्रकन बहिणीकडे वळली.

"काय क्षेम वं? डावा गुडघा सुजला तुहा. देवळाची पायरी चढता येत नाई."

"तुले कोणं सांगतलं?"

"जावयानं. संत्री घेऊन नागपूरले येते ना तो. दर खेपेले तुह्या गल्लीतून जाते."

"मले तर कधी दिसला नाई."

"दिसू नको म्हणून मीच सांगतलं होतं."

रुखमाबाई वड्यांच्या चादरीशेजारी खाली बसल्या. एक वडी उलटवत त्यांनी विचारलं, "दुसऱ्या पंगतीले काहून बसवलं होतं वं मले?"

"पहिल्या पंगतीचं वरण पातळ झालं होतं. तुले घट्ट वाढायचं होतं."

खोटं मला लांबून ओळखू येतं, माझा धंदाच तो. पण त्या दिवशी मी वड्यांकडे पाहत होतो.

जयवंतानंही पत्रावर अंगठा दिला, पण एक दुरुस्ती करून घेतल्यावर. ती दुरुस्ती घेऊन आम्ही संध्याकाळी पारावर आलो. बायजाबाईंनी नव्या अंगठ्याखालचं जयवंताचं नाव पाहिलं, मग वाचलं: 'इकडील सर्व क्षेम, डावा गुडघा सोडून.' त्या वाकल्या आणि रुखमाबाईंचा गुडघा अंगठ्यानं दाबून पाहिला.

"आई गं," रुखमाबाई कळवळल्या.

"खरं आहे," बायजाबाई म्हणाल्या, आणि सही केली. मागं विहाराच्या बाया रांगेत उभ्या राहू लागल्या.