अज्ञात, दिनांक नाही

मित्रांनो, मी एक जुनी संदर्भसूची आहे. दचकू नका. तुम्ही ज्या प्रोग्रॅममध्ये निबंध, अर्ज आणि प्रकल्प टाइप करता, तशाच एका प्रोग्रॅमच्या मेनूत, उजवीकडून तिसऱ्या जागी, मी राहते. बहुतेकांचे आयुष्य मला न उघडताच निघून जाते आणि त्यांचे काही अडत नाही. पण ज्यांना दहा पुस्तके वाचून अकरावे लिहायचे असते, त्यांना शेवटी माझ्या दारात यावेच लागते. कोणती गोष्ट कुणाकडून घेतली, त्याचे नाव, त्याचे वर्ष, त्याचे पुस्तक, हे सारे मी अक्षरांच्या क्रमाने लावून देते. ज्याचे श्रेय त्याला पोचवायचे काम म्हणा ना.

माझा जन्म एका महाविद्यालयाच्या संगणकाच्या खोलीत झाला. माझा कर्ता तेव्हा विद्यार्थी होता. दाढी धड उगवली नव्हती, पण आत्मविश्वास दांडगा. हा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट मिळतो आणि ठिकठिकाणची माणसे फावल्या वेळात तो घडवतात, हे त्याला कळले होते. आपलाही हात त्याला लागावा म्हणून तो रोज जेवणाच्या सुट्टीत मला लिहायला बसायचा. अकरा दिवसांत मी तयार झाले. माझ्या पहिल्याच ओळीत त्याने स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, नाव आणि आडनाव, दोन्ही. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याला माझा.

शेवटच्या दिवशी तो एका ठिकाणी अडला. लेखकाचे नाव आणि आडनाव अशा दोन चौकटी त्याने केल्या होत्या. त्यातली एखादी रिकामी राहिली तर मी काय छापायचे? तासाची घंटा वाजत होती. त्याने घाईघाईने एक नियम लिहिला: एक जरी चौकट रिकामी असेल तर ‘अज्ञात’ लिही, आणि वर्ष नसेल तर ‘दिनांक नाही’. त्या नियमाशेजारी स्वतःसाठी आठवण लिहून ठेवली, ‘तात्पुरते. नंतर बघू.’ आणि दप्तर उचलून तो पळाला.

मित्रांनो, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जगात ‘तात्पुरते’ या शब्दाइतके टिकाऊ काही नसते. तो नियम चौदा वर्षे जगला.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची गेली. दोनशे पुस्तकांची यादी मी पापणी लवायच्या आत लावून द्यायचे, तेव्हा माणसे खुर्चीत मागे रेलून हुश्श करायची. चुकाही करायचे. एकदा एका जिल्हा सार्वजनिक रुग्णालयाचा अहवाल आला. मला वाटले, हे कुणी गृहस्थच आहेत. मी त्यांना आडनावासकट यादीत बसवले, ‘रुग्णालय, जि. सा.’ लिहिणारी मुलगी इतकी हसली की तिची बहीण शेजारच्या खोलीतून बघायला आली. हसण्यावारी गेले, म्हणून मीही ते मनाला लावून घेतले नाही.

मग कर्त्याला नोकरी लागली आणि त्याचे येणे थांबले. आमच्याकडे एक सामायिक तक्रारवही आहे. कुणालाही काही खुपले तर त्याने त्यात लिहायचे, आणि ज्याला तोच त्रास असेल त्याने खाली ‘मलाही’ असे लिहायचे, अशी आमच्यातली रीत. एका ग्रंथपाल बाईंनी त्यात लिहिले होते, ‘लेखकाला एकच नाव असेल तर काय करायचे?’ त्याखाली वर्षानुवर्षे ‘मलाही’ जमत गेले, एकूण एक्केचाळीस. प्रत्येकाला वाटायचे, दुरुस्त करणारा दुसरा कुणीतरी असेल. दरम्यान माझ्यावर नवे रंग आणि नव्या खुणा चढत राहिल्या. एक ना धड भाराभर चिंध्या! जुने दुखणे मात्र तसेच राहिले. मी हिरमुसले होते, हे आज कबूल करते.

अशा दिवसांत मी सिस्टरांच्या लॅपटॉपवर आले. सिस्टर तीस वर्षे नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात, यांनी प्रबंध लिहायला घेतला. वेळेआधी जन्मलेल्या, चोखायचे बळ नसलेल्या बाळांना चमच्याने दूध कसे पाजावे, हा त्यांचा विषय. त्या दोन बोटांनी टाइप करायच्या, पण एकही ओळ उगीच लिहायच्या नाहीत.

त्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण म्हणजे त्याचा कणा होता, आणि ते उभे होते वॉर्डातल्या एका आयाबाईंच्या सात वह्यांवर. या आयाबाईंना सगळे मावशी म्हणत. कागदोपत्री त्यांचे काम फरशी पुसणे आणि दुपटी धुणे. पण जे बाळ कुणाकडून दूध घेत नसे, ते त्यांच्याकडून घेई. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर त्यांनी एकोणीस वर्षे रोज लिहून ठेवले होते: कितव्या पाळण्यातले बाळ, किती चमचे, मध्ये दम कधी लागला, हनुवटीला बोट लावल्यावर काय झाले. सिस्टर नवख्या असताना पहिल्या आठवड्यात त्यांनी एका बाळाला भराभर पाजायला घेतले, तेव्हा मावशींनीच त्यांचा हात धरला होता. “घाई तुला आहे पोरी, त्याला नाही,” असे म्हणाल्या होत्या. तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात याच वाक्याने होते.

मावशींना एकच नाव होते. ज्या बाईने त्यांना लहानपणी सांभाळले तिने ते ठेवले. पुढे आडनाव लावायला कुणी आले नाही आणि त्यांनीही कुणाचे मागितले नाही.

सिस्टरांनी माझी खिडकी उघडली. मी विचारले, पुस्तक, लेख, वर्तमानपत्र की संकेतस्थळ? वही माझ्या यादीत नव्हतीच. त्यांनी नाइलाजाने पुस्तकावर बोट ठेवले. मग मावशींचे नाव लिहिले आणि आडनावाची व वर्षाची चौकट रिकामी सोडली. मी नियमाप्रमाणे छापले, ‘अज्ञात, दिनांक नाही’. एकदा नाही, तिसऱ्या प्रकरणात जिथे जिथे त्यांचा दाखला होता तिथे, त्रेसष्ट ठिकाणी. ते सांगतानाही मला लाज वाटते.

सिस्टरांनी तेच नाव आडनावाच्या चौकटीत घालून पाहिले. आता दुसरी चौकट रिकामी, म्हणून मी पुन्हा अज्ञातच म्हटले. कुणी सुचवले की कुठलेही आडनाव ठोकून द्या. ऐंशी वर्षे एका नावावर जगलेल्या बाईला आता परके आडनाव चिकटवायला सिस्टर तयार नव्हत्या. मग त्या ‘अज्ञात’ खोडून हाताने नाव लिहू लागल्या. पण यादी ताजी करायचे बटण दाबले की मी त्यांचे लिहिलेले पुसायचे आणि माझे पुन्हा लिहायचे. बाळाने पांघरूण लाथाडावे आणि नर्सने ते पुन्हा घालावे, तसा आमचा खेळ चालला होता. शेवटी त्यांनी त्रेसष्ट नावे हाताने लिहिली, बटणाला हात न लावता प्रबंध विद्यापीठात दिला आणि सुटकेचा श्वास सोडला.

तिथल्या कारकुनाचा नियम होता. पानांचे आकडे जुळावेत म्हणून येणारी प्रत्येक फाइल उघडायची आणि सगळ्या याद्या ताज्या करायच्या. त्याने बटण दाबले. मी इमानाने त्रेसष्ट नावे पुसली.

मार्गदर्शक सरांनी सिस्टरांना बोलावून घेतले. सर मनाने वाईट नव्हते, पण परीक्षकांना ओळखून होते. “तिसरं प्रकरण अख्खं एका अज्ञात माणसावर उभं आहे, सिस्टर,” ते म्हणाले. “एकवीस दिवसांत लेखकाचं नाव द्या, नाहीतर प्रकरण काढा. आणि मी म्हणतो, रुग्णालयाचं नाव टाका ना. कोण विचारतंय?”

“वह्या रुग्णालयानं नाही लिहिल्या, सर,” सिस्टर म्हणाल्या. “रुग्णालयानं त्या दोनदा रद्दीत टाकल्या. दोन्ही वेळा मी उचलून आणल्या.”

सिस्टर घरी आल्या. प्रकरण गेले असते तर प्रबंध लंगडा झाला असता, पण त्यांना टोचत होते ते दुसरेच. मावशींचा एक डोळा गेला होता आणि दुसराही मंदावत चालला होता. छापलेले आपले नाव त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, एवढ्यासाठी सिस्टरांनी हा सगळा खटाटोप मांडला होता.

त्या दिवशी दुपारी त्यांनी आमची तक्रारवही शोधून काढली आणि दोन बोटांनी लिहिले: “साहेब, तुमचा प्रोग्रॅम माझ्या गुरूंना अज्ञात म्हणतो. त्या अज्ञात नाहीत. त्यांचा फोन नंबर देते, हवं तर विचारून घ्या.”

फोन नंबर कुणीतरी शहाणपणाने लगेच काढून टाकला. मग आमच्या रीतीप्रमाणे त्यांना विचारण्यात आले की प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती आणि बिघाड नेमका कसा घडतो. सिस्टरांनी वॉर्डातला रुग्ण दुसऱ्या पाळीच्या नर्सकडे सोपवावा तसे उत्तर दिले: अमुक वाजता अमुक चौकट भरली, अमुक बटण दाबले, लगेच नाव गेले, तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच. इतकी नेटकी तक्रार आमच्या वहीत क्वचितच आली असेल.

बिघाड कोणत्या फाइलीत आहे हे एकदा ठरले की तक्रार तिच्या पहिल्या ओळीतल्या माणसाकडे आपोआप पोचते; ग्रंथपाल बाईंच्या प्रश्नासाठी ती फाइल कुणी शोधलीच नव्हती. अशा रीतीने चौदा वर्षांनी माझ्या कर्त्याने मला उघडले. कानांजवळ केस पांढरे झाले होते. वर स्वतःचे पूर्ण नाव पाहून तो जरा हसला. खाली सरकत सरकत ‘तात्पुरते. नंतर बघू.’ इथे आला आणि त्याचे हसू मावळले. मग त्याने सिस्टरांना लिहिले, “चूक माझी आहे, चौदा वर्षांपूर्वीची. दुरुस्त करतो.”

नऊ दिवस तो माझ्यात खपला. एक नाव असेल तर एकच चौकट पुरेल असे केले. वही, पत्र, प्रत्यक्ष बोलणे यांना पुस्तकांच्या पंगतीत जागा दिली. संस्थेला संस्थाच मानायला मला शिकवले. वह्या कोणत्या सालच्या, असे त्याने विचारले, तेव्हा कळले की वर्षाच्या रकान्यात एकच साल मावते. तिथे एकोणीस वर्षे मावतील एवढी ऐसपैस जागा त्याने केली. कुणी हाताने काही सुधारले असेल तर ते विचारल्याशिवाय पुसायचे नाही, असेही त्याने मला बजावले. ‘अज्ञात’ मात्र त्याने काढून टाकला नाही, कारण कधीकधी लेखक खरोखरच ठाऊक नसतो. पण आता तसे लिहिण्याआधी मी विचारते, ‘नाव खरोखरच माहीत नाही का?’

कुठलीही दुरुस्ती दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय आमच्याकडे पक्की होत नाही. तपासायला पुढे आल्या त्या जुन्या ग्रंथपाल बाई. नऊ वर्षांपासून साठवलेली अवघड नावे त्यांनी माझ्यात एकेक करून घातली. दोनदा मी नापास झाले आणि कर्त्याने दोनदा पुन्हा बैठक मारली. तिसऱ्या खेपेला त्यांनी लिहिले, ‘आता बरोबर आहे.’

अठराव्या दिवशी मी नवी होऊन सिस्टरांच्या लॅपटॉपवर उतरले. त्यांनी एका चौकटीत एक नाव लिहिले, वही निवडली, साल ते साल घातले आणि भीत भीत बटण दाबले. त्रेसष्ट ठिकाणी मावशींचे नाव उमटले. त्यांनी पुन्हा दाबले, आणखी एकदा दाबले. नाव हलले नाही. सिस्टरांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. विद्यापीठात कारकुनाने त्याच्या नियमाप्रमाणे याद्या ताज्या केल्या, आणि तिथेही मी नाव राखले. सरांनी प्रबंध पुढे पाठवला.

त्यानंतर सिस्टर लॅपटॉप घेऊन मावशींच्या खोलीवर गेल्या. खाटेवर त्यांच्याशेजारी बसून सूचीचे पान उघडले आणि अक्षरे मोठी, आणखी मोठी केली. मावशींनी उरलेल्या डोळ्याने आधी स्वतःचे नाव वाचले. मग बोटाने वरची ओळ वाचली. ते त्यांच्या वॉर्डाचे बडे डॉक्टर होते. खालची ओळ वाचली. तेही मोठेच डॉक्टर, ज्यांचा ग्रंथ वॉर्डाच्या काचेच्या कपाटात असायचा.

“ह्या दोघांच्या मधे बसवलंस मला?”

“मी नाही बसवलं, मावशी. अक्षरांच्या क्रमानं तुमची जागाच तिथे आहे.”

मावशींनी त्या दोन्ही ओळींवरून पुन्हा बोट फिरवले. “ते वॉर्डात आले की मी भिंतीला टेकून उभी असायचे गं,” त्या म्हणाल्या. “एकदाही बसले नाही त्यांच्यासमोर.”

मावशींनी बोट पुन्हा आपल्या ओळीवर ठेवले आणि ते बराच वेळ तिथून काढले नाही.

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही. मला घडवणाऱ्याला जेवढी सवड होती, तेवढीच माझी अक्कल. म्हणून तुम्हाला एवढेच विनवते की कुणाकडून काही शिकलात तर त्याचे नाव लिहा, आहे तसे आणि आहे तेवढेच. माझ्यात त्या नावाला जागा नसेल तर मला बोल लावा, तक्रार करा, पण माझ्या सोयीसाठी ते नाव बदलू नका किंवा गाळू नका. जागा करता येते. मला ती करायला चौदा वर्षे लागली, आणि मावशींचा एक डोळा तोवर थांबला, हे माझे नशीब.