चौकटीतला सात

लोर्ना कुबियाकला सात या आकड्याची शिसारी होती.

दहापैकी सात. गेमच्या धंद्यात सात म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तोंडाने कोणी बोलत नाही. सात म्हणजे 'ठीक आहे बुवा'. सात म्हणजे कंपनी रागवायला नको, गेमचे भक्त अंगावर यायला नकोत आणि आपल्या डोक्यालाही ताप नको. दहा पायऱ्यांची शिडी बनवायची आणि खालच्या सहा पायऱ्यांवर पायच ठेवायचा नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलंय. याला हे लोक परीक्षण म्हणतात, आणि वर ताठ मानेने हिंडतात.

मिल्वॉकीत, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'थर्ड बटन' ही साइट चालायची. मालक आणि संपादक गॉर्डी हाउगेन. पोट सुटलेला, मनाने मऊ, कोणाला नाही म्हणताना घाम फुटणारा माणूस. लोर्ना त्याची सगळ्यात जुनी लेखिका. कुठल्या कॉलेजात ती शिकली नव्हती. गेम खेळून शिकली आणि शिव्या देता देता लिहायला लागली. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दोघं एकत्र जेवायचे.

त्या आठवड्यातलं भांडण 'ड्रेकमूर ३' वरून होतं. मोठ्या कंपनीचा मोठा गेम. लांबरुंद नकाशा, नकाशावर मनोरे, प्रत्येक मनोऱ्यावर चढायचं, वरून खाली बघायचं, मग पुढच्या मनोऱ्याकडे पळायचं. मध्येच कोणीतरी शेतकरी हरवलेली कोंबडी शोधून मागायचा. पहिल्या भागात हेच होतं, दुसऱ्यात हेच होतं. तिसऱ्यात कोंबडीचा रंग बदलला होता.

"पाच," लोर्ना म्हणाली.

"अगं, वाईट कुठे आहे तो?" गॉर्डी म्हणाला.

"वाईट असता तर दोन दिले असते. वाईट गेमला निदान स्वतःचं काहीतरी असतं. हा मध्यम आहे. कोमट. म्हणून पाच. मध्य म्हणजे पाच, गॉर्डी. तुला शाळेत कोणी शिकवलं नाही का?"

"सगळे सात देणार आहेत."

"म्हणजे मीही विहिरीत उडी मारू?"

"साडेसहा?"

"साडेसहा! मेल्या, साडेसहा म्हणजे सातच, फक्त रडवेला चेहरा केलेला."

आठवडाभर हे चाललं. कंपनीने परीक्षणं छापायला शुक्रवारी सकाळी नऊची वेळ दिली होती. त्याआधी कोणीही एक अक्षर बाहेर काढायचं नाही, आणि नंतर रेंगाळलं तर वाचणारे दुसरीकडे पळतात. नऊला पाच मिनिटं असेपर्यंत गॉर्डी लोर्नाच्या खुर्चीमागे उभा राहून कण्हत होता. शेवटी त्याने दोन्ही हात वर केले.

"घाल! घाल तुझे पाच! पण उद्या भक्तांनी माझ्या गाडीवर अंडी फेकली तर तू धुवायचीस."

"धुते," लोर्ना म्हणाली. तिने आपला लेख पानावर ओतला आणि बटण असं हाणलं की टेबलावरची कॉफी हिंदकळली. मग ती खाली चक्कर मारायला गेली. जेवणाआधी लोकांच्या प्रतिक्रिया वाचायच्या नाहीत असा तिचा शिरस्ता होता. शहराकाठच्या मोठ्या तळ्यावरून गार वारा येत होता आणि तिला वाटत होतं, आज या धंद्यात निदान एक तरी खरं वाक्य बोललं गेलं.

दुपारी तिने साइट उघडली. पहिली प्रतिक्रिया 'ड्रॅगनबाप' नावाच्या कोणाची होती. 'फक्त सात??? या बाईला गेममधलं काय कळतं?'

त्याखाली दुसरा. 'सात? किती पैसे खाल्लेस?'

लोर्नाने दोनदा वाचलं. मग हळूच पान वर सरकवलं. तिच्या लेखाच्या डोक्यावर, पिवळ्या चौकटीत, हाताएवढा मोठा सात बसला होता.

झालं असं होतं. नवीन पान उघडलं की आकड्याच्या चौकटीत सात आधीच भरलेला यायचा. साइट सुरू झाली तेव्हा गॉर्डीने वेळ वाचावा म्हणून ती सोय केली होती. लागलं तर बदला, नाहीतर आहेच. लोर्ना सोडली तर वर्षानुवर्षं कोणाला फारसा बदलावा लागला नव्हता. आणि आज, पाचासाठी गळा फुटेपर्यंत भांडलेली बाई भांडणाच्या भरात तो बदलायलाच विसरली होती.

"गॉर्डी!"

गॉर्डी आला, बघितलं, आणि भिंतीला टेकून हसायला लागला. हसता हसता त्याला उचकी लागली.

"हसतोस काय? बदल तो!"

गॉर्डीने बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून नुसतं बोट दाखवलं. भिंतीवर त्याच्या आईने रंगीत टाके घालून केलेली एक चौकट टांगली होती. भोवती गुलाबाची नक्षी आणि मध्ये लिहिलेलं: एकदा दिलेला आकडा बदलला जाणार नाही.

ते वाक्य लोर्नाचंच. पूर्वी एका कंपनीच्या साहेबाने फोन करून चाराचे सहा करायला सांगितले होते आणि गॉर्डी लोण्यासारखा वितळायला निघाला होता. तेव्हा लोर्नाने फोन ओढून घेतला आणि हे वाक्य त्या साहेबाच्या कानात ओतलं. साहेब गप्प झाला. गॉर्डीच्या आईला वाक्य इतकं आवडलं की तिने ते कापडावर भरून दिलं. साइटची सगळी अब्रू त्या गुलाबांच्या मधोमध लटकत होती.

"हे वेगळं आहे," लोर्ना म्हणाली. "मी पाचच दिला होता. फक्त लिहिला गेला नाही."

"तो साहेबही हेच म्हणाला होता. 'तुम्ही सहाच दिले असणार, लिहिताना चुकलं.' आठवतंय?"

आठवत होतं. लोर्ना खुर्चीत बसली.

"आणि खरं सांगू?" गॉर्डी आता जरा नरमला. "कोणाच्या लक्षातही आलेलं नाही, लोर्ना. खाली एवढे लोक भांडतायत, पण 'लेखात शिव्या आणि वर सात, हे कसं?' असं एकानेही विचारलेलं नाही."

हे मात्र तिला लागलं. तिने त्या लेखात लिहिलं होतं, 'हा गेम संपतो तो क्षण अविस्मरणीय आहे.' तासाभराने कंपनीची जाहिरात झळकली: 'अविस्मरणीय! ७. थर्ड बटन.' म्हणजे कंपनीनेसुद्धा एकच शब्द वाचला होता. मग इतकी वर्षं ती लिहीत होती कोणासाठी? आकड्याखालची जागा भरायला? तसं असेल तर तिच्या जागी एखादी कोंबडी बसवली असती तरी चाललं असतं. रंग कुठलाही.

संध्याकाळी दोघं नेहमीसारखे कोपऱ्यावरच्या स्टॅनच्या बारमध्ये गेले. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी मिल्वॉकीत माणूस तळलेला मासाच खातो. देव मानत असो वा नसो. कॉड, बटाट्याची धिरडी, राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर. लोर्नाने माशाला काटा लावला नाही, यावरूनच गॉर्डी घाबरला.

"खा गं. उद्यापर्यंत लोक विसरतील."

"तेच तर दुखणं आहे."

तेवढ्यात टेबलाशी एक तरुण येऊन उभा राहिला. बुटका, चष्मा, हातात टोपी चुरगळत.

"तुम्ही लोर्ना कुबियाक ना? तुमच्या साइटच्या दर आठवड्याच्या ऑडिओ कार्यक्रमात तुम्ही शेवटी सांगता, शुक्रवारी स्टॅनकडे मासे. म्हणून आलो. मॅडिसनहून."

"भक्त आहेस का ड्रेकमूरचा?" गॉर्डीने विचारलं. "बाबा, माझी गाडी बाहेर नाहीये."

"नाही. मी तो बनवला. म्हणजे, बनवणाऱ्यांतला एक. फेंग मुआ." तो जागचा हलला नाही. "मला एकच विचारायचं होतं. तुमच्या लेखात पाच लिहिलाय आणि वर सात कसा?"

लोर्नाने मान वर केली. "लेखात पाच कुठे लिहिलाय? आकडा मी लिहिलाच नाही."

"सगळ्या लेखात लिहिलाय. दुसऱ्या परिच्छेदापासून. सात देणारा माणूस कोंबडीवर इतकं लिहीत नाही."

लोर्नाने पायाने समोरची खुर्ची मागे ढकलली. "बस. मासा खातोस?"

तो बसला. त्याच्यासाठी ताट आलं, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं.

"तुम्ही नावेतल्या म्हातारीबद्दल लिहिलंय," तो म्हणाला. "कोणीच लिहिलं नाही. सगळे नावेत चढतात आणि बटण दाबून प्रवास टाळतात, थेट पलीकडे पोचतात. तुम्ही बसून राहिलात."

"ती गुणगुणायला लागली म्हणून बसले. मग नवऱ्याबद्दल बोलली. मग गप्प झाली. सगळ्या गेममध्ये तेवढीच एक बाई खरी होती. बाकी सगळा पुठ्ठा."

"ती माझी आजी आहे," फेंग म्हणाला. "तिची नदी वेगळी होती, पण नाव तशीच."

गॉर्डीने त्याच्याकडे कोशिंबीर सरकवली. हळवा झाला की तो खायला देतो.

"मग तुला काय हवंय?" लोर्नाने विचारलं.

"पाच."

"काय?"

"माझा पाच मला द्या. सोमवारी आमची बैठक आहे, चौथा भाग कसा करायचा त्याची. सगळीकडून सात आलेत. साहेब खूष आहे. सात आला की कोणी काही बदलत नाही हो! पुन्हा मनोरे, पुन्हा कोंबडी. मी तीन वर्षं मनोरे बांधलेत, बाई. मला झोपेत मनोरे दिसतात. एका पाचाने काय होईल माहीत नाही, पण टेबलावर ठेवायला मला एक तरी पाच हवाय. आणि मी आलो होतो हे साहेबाला कळू देऊ नका."

गॉर्डीचा काटा हवेतच राहिला. "लोर्ना, मी या धंद्यात म्हातारा झालो. आकडा वाढवा म्हणून रडणारे बघितले, धमक्या देणारे बघितले. कमी करा म्हणणारा हा पहिला."

"आणि तुझा नियम?" लोर्ना म्हणाली.

"तुझा नियम."

"माझा नियम." तिने माशाचा एक तुकडा मोडला, खाल्ला, चावला. दिवसभर ती पळवाटा शोधत होती: लिहिला गेला नाही, राहून गेला, मशीनने केलं. पळवाट निघाली की साहेब लोक त्यातून हत्ती घेऊन आत शिरतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण पळवाट नको असेल तर सरळ दारातून जावं लागतं, आणि त्या दारावर मूर्ख म्हणून आपलंच नाव लिहावं लागतं. आणि लोर्ना कुबियाकने जन्मात कधी जाहीरपणे 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. गॉर्डीला तर खाजगीतही नाही.

"फोन दे तुझा," ती गॉर्डीला म्हणाली. "माझ्यावर नीट दिसत नाही."

तिने माशाच्या ताटाशेजारीच लिहिलं. 'ड्रेकमूर ३ ला मी सात दिला नाही. पाच दिला. पाचासाठी आठवडाभर भांडले आणि शेवटी आकडा बदलायला विसरले. कोणी सांगितलं नाही, कोणी धमकावलं नाही; चूक माझी. ज्यांनी लेख वाचला त्यांच्या हे आधीच लक्षात आलं असेल. ज्यांच्या आलं नाही, त्यांनी आता वाचावा. आमचा नियम मी मोडते आहे, आणि मोडताना माझं नाव खाली लिहिते आहे.' मग नाव घातलं, आणि चौकटीत पाच. या वेळी दोनदा बघितलं.

"'चूक माझी,'" गॉर्डीने मोठ्याने वाचलं. "स्टॅन! याची चौकट करून लाव रे बारमध्ये!"

"गप रे, गाढवा." पण लोर्ना हसत होती, आणि फेंगच्या ताटातलं धिरडं न विचारता उचलून खात होती.

लोक हसले, अर्थातच. दोन दिवस सगळ्या धंद्याने लोर्नाची टर उडवली. जे सातवाले होते ते सगळ्यात जास्त हसले. आपल्या चौकटीत सात कुठून येतो, हे त्यांनी बघितलं नाही. 'ड्रॅगनबाप' परत आला आणि म्हणाला, 'फक्त पाच??? या बाईला गेममधलं काय कळतं?' पण त्याच्या खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'नावेत बसून बघितलं. खरंच गुणगुणते ती.' आणि मग आणखी एकाने.

सोमवारी संध्याकाळी फेंगचा फोन आला. "साहेब पाच बघून ओरडला. मग पहिल्यांदाच त्याने विचारलं, का पाच? मी सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवला."

"सगळा?"

"सगळा. कोंबडीसकट. मनोरे निम्मे केलेत. कोंबडी राहिली, साहेबाला आवडते. पण म्हातारीला आता अख्खी नदी मिळणार आहे."

लोर्नाने फोन ठेवला आणि बराच वेळ उगीचच टेबल पुसत बसली.

गॉर्डीच्या आईने भिंतीवरची चौकट घरी नेली आणि चार दिवसांनी परत आणून दिली. गुलाबांच्या खाली नव्या लाल दोऱ्याने एक ओळ वाढली होती: लोर्नाने माती खाल्ली नसेल तर.

गॉर्डीने पिवळ्या चौकटीतला भरलेला सात काढून टाकला. आता पान उघडलं की चौकट रिकामी यायची, आणि आकडा घातल्याशिवाय पान पुढे जायचंच नाही. पहिल्या सकाळी कचेरीत चिडीचूप झालं. गॉर्डीसमोर बटाट्याच्या शेतीचा एक गेम होता, आणि तो अर्धा तास चौकटीकडे टक लावून बसला होता. कपाळावर घाम.

"लोर्ना," तो शेवटी म्हणाला. "हा कसा आहे?"

"तू खेळलास ना? तू सांग."

"पण मला..." गॉर्डी अडखळला. "मला वाटतं, मला आवडला नाही. पण थोडा आवडलाही. बटाटे छान आहेत."

"मग?"

त्याने बोट वर नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं, डोळे मिटले आणि दाबलं.

सहा.

"सहा!" लोर्ना ओरडली आणि खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. गॉर्डीने घाम पुसला आणि खिडकीतून खाली आपल्या गाडीवर एक नजर टाकून घेतली.