एक खिडकी फुकट

धाकटीनं पत्रक दाराखालच्या फटीतून आत सरकवलं आणि ती कंबर सरळ करते न करते तोच ते परत बाहेर आलं. दार उघडलं नाही, आतून कोणी काही बोललं नाही. कागद जसा गेला तसाच आला. तिनं तो उचलला, मांडीवर घासून सरळ केला आणि शेजारच्या दाराखाली घातला.

पत्रकावर लिहिलं होतं, 'दोघी बहिणी. घर आरशासारखं करून देतो. एक गिऱ्हाईक पाठवा, एक खिडकी फुकट.' खिडकीची अक्कल धाकटीची. चार महिन्यांत एकही खिडकी फुकट पुसावी लागली नव्हती, आणि तेच तर दुखणं होतं.

घरं मिळालीच नाहीत असं नाही. अकरा मिळाली. अकराही ठिकाणी लोकांनी तोंडात बोटं घातली, चहा पाजला, चार जणांना सांगतो म्हणाले. सांगितलं कोणी नाही ते नाहीच, पण स्वतःसुद्धा पुन्हा बोलावलं नाही. एकदा घर साफ करून घेतलं की माणूस जसा काही गावच सोडून जायचा.

थोरली बावीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायची. पाहुणा अकराला जाणार, दुसरा दोनला येणार. मधल्या वेळात आधीचा माणूस पुसून टाकायचा. उशीवर एक केस सापडला तर दिवसाचा पगार कापायचे. पाहुणा समोर आला की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोलायचं नाही. हॉटेल बंद पडलं तेव्हा थोरली त्रेपन्न वर्षांची होती आणि हात मात्र अजून पंचविशीतले. बेकरीत पाकिटं भरणाऱ्या धाकटीला तिनंच ओढून आणलं. "दुसऱ्याच्या पिठात हात घालून म्हातारी होणार का तू? चल माझ्याबरोबर."

आता बेकरीवाल्याचा निरोप आला होता. जागा अजून ठेवलीय, शनिवारी दुपारी बारापर्यंत ये, नाहीतर दुसरी बाई बघतो. धाकटी गेली की धंदा संपला. थोरलीचा उजवा खांदा कामातून गेलेला, एकटीनं तिला गादी उलटत नव्हती, आणि या वयात तिला कामाला ठेवणार कोण. हे दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे घरात तो विषय निघत नव्हता. रोजच्यापेक्षा जरा जास्तच वेळ भांडी घासली जायची, एवढंच.

शुक्रवारी धाकटीनं उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि सरळ शिलाईवाल्या काकूंचं घर गाठलं. अकरांतलं हे तिसरं घर. काकू मशीनवर होत्या. धाकटीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. काकू, खरं सांगा, आमचं काय चुकलं, एवढंच तिनं विचारलं. काकूंनी आधी टाळाटाळ केली. काम छानच झालं हो, हल्ली सवड नसते, असं कायकाय म्हणाल्या. धाकटी काही हलेना. शेवटी काकूंनी मशीन थांबवलं.

"ते टेबल बघ," काकू म्हणाल्या.

कापड बेतायचं लांब टेबल. त्यावर खडूनं आकडेच आकडे लिहिलेले.

"गिऱ्हाइकांची मापं लिहिते मी त्याच्यावर. वही माझ्याकडे टिकत नाही. तुम्ही आलात तेव्हा चौदा जणांची मापं होती. असं लख्ख पुसलंत की काय सांगू. सगळ्यांना परत बोलवून घेतलं टेप लावायला. एक तर म्हणाला, काकू, दोन महिन्यांत मी एवढा सुटलो का."

धाकटीला हसू आलं आणि मध्येच अडकलं.

"मग आम्हाला सांगायचं ना, काकू."

"काय सांगणार? तुझी ताई घामानं थबथबलेली. अशी उभी होती, जशी परीक्षा देऊन आली." काकू जरा थांबल्या. "आणि नुसतं टेबल नाही गं. तुम्ही गेल्यावर दोन दिवस मी पलंगाच्या कडेवर बसत होते. चादर चुरगळेल म्हणून. स्वतःच्या घरात पाहुणी झाल्यासारखं वाटायला लागलं. सारखं वाटे, कोणीतरी येऊन म्हणेल, बाई, वेळ झाली, निघा."

घरी आल्यावर धाकटीनं हे थोरलीला सांगितलं. खडूचं सांगितलं, चादरीचं सांगितलं, घामाचं तेवढं गाळलं. थोरली फडकी पिळून दोरीवर टाकत होती. सगळं ऐकून घेतलं आणि पिळलेलंच फडकं तिनं पुन्हा पिळलं. त्यातून एक थेंब निघाला नाही.

"अकराच्या अकरा घरांत असंच केलं असेल मी," ती म्हणाली.

"आपण दोघींनी केलं, ताई."

"तुला मीच शिकवलं."

मग तिनं रिकामी बादली उचलून दाराशी नेऊन ठेवली.

शनिवारी सकाळी दहाला बादली, झाडू घेऊन ती काकूंच्या दारात उभी. मागं धाकटी. कोणी बोलावलेलं नव्हतं. धाकटीनंच सांगितलं, पैसे नकोत, ताईला एकदा पुन्हा करून बघायचंय. काकूंनी आढेवेढे घेतले, मग दार उघडं ठेवून मशीनवर जाऊन बसल्या.

थोरलीची फजिती झाली. बावीस वर्षं जे हात आपोआप चालले, त्यांना आता लगाम घालायचा होता. खिडकीतला कात्रणांचा ढीग दिसला की हात तिकडे जायचा, ती तो मागं घ्यायची. रिळं रंगांप्रमाणे लावायला निघाली आणि निम्म्यात थांबून होती तशी विस्कटून ठेवली. टेबलाचे पाय पुसले, कडा पुसल्या, खडूच्या आकड्यांभोवतीनं बोटाला फडकं गुंडाळून अशी फिरली, जसं काही बाळाचं तोंड पुसतेय. पण काकूंना एका शब्दानं विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून काम करत राहिली. दीड तास गेला तरी निम्मी खोली बाकी होती.

धाकटीचं लक्ष घड्याळाकडे. बेकरी वीस मिनिटांवर. बाराला पंचवीस कमी असताना ती थोरलीजवळ जाऊन हळूच म्हणाली, ताई, मी निघते. थोरलीनं वर न बघता मान हलवली. धाकटी दारात आली आणि तिनं एका पायात चप्पल घातली.

तेवढ्यात समोरून एक बाई आत आली. अंगानं भरलेली, हातात नवऱ्याची पँट. कंबर सैल करून हवी होती. काकू टाचण्या तोंडात धरून पँटवर वाकल्या. बाईनं खोलीभर नजर फिरवली, बादली बघितली, गुडघ्यावर बसलेल्या थोरलीची पाठ बघितली.

"काकू, या कोण?" तिनं विचारलं.

काकूंच्या ओठांत सहा टाचण्या. त्यांनी नुसता हात वर केला, थांबा म्हणून. धाकटीनं पिशवीत हात घालून पत्रक चाचपलं. तिला ते बाहेर काढवेना. अकरा घरांत अशीच पत्रकं दिली होती.

थोरली उठली. खांद्यानं कळ दिली तशी भिंतीला टेकून उठली. मग भिंतीकडचं तोंड फिरवून तिनं बाईकडे बघितलं. हात पदराला पुसले, नव्हते ओले तरी.

"आम्ही घरं साफ करतो," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, तिनं घसा खाकरला. "तुमच्या घरात काय काय हलवायचं नाही?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नसावा. तिनं भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसली.

"सासऱ्यांचं टेबल," ती म्हणाली. "त्याच्यावर त्यांनी घड्याळं उघडून ठेवलीत. सात. एकही चालत नाही. पण एक स्क्रू इकडचा तिकडे झाला की घर डोक्यावर घेतात. गेल्या साफसफाईवाल्याला त्यांनी काठी घेऊन जिन्यापर्यंत नेलं होतं."

"सात," थोरली म्हणाली. "आणखी?"

बाईनं मांडीवर हात ठेवले आणि आठवायला लागली. दारातल्या धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं, मग पायातली चप्पल काढली.