नववी सही

गुरुवारी दुपारी बहरीनमधल्या सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये विलास भंगाळे एका क्रेनच्या दुरुस्तीवर लक्ष ठेवून होता, असं आपलं म्हणायचं. खरं लक्ष खिशातल्या फोनवर होतं. फोन थरथरला की तो बाजूला व्हायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, बघायचा आणि पुन्हा खिशात ठेवायचा. शेवटी दुपारी तीनला जेनिसचा मेसेज आला. "अंकल, स्टिल नो. पापा इज नॉट साइनिंग." खाली एक रडका चेहरा होता.

विलास जळगावचा. कॉलेजात असताना तो बेसबॉल खेळायचा. बहरीनमधल्या पुणेकरांना हे ऐकून हसू यायचं, जळगावात केळी होतात एवढंच त्यांना ठाऊक. पण विलास राज्याच्या संघातून खेळला होता, आणि हे तो समोरच्याने विचारलं नाही तरी सांगायचा. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, बहरीनला आला आणि ग्लोव्ह माळ्यावर गेला. तो परत खाली आला ते मुलगा ओजस कॅनडाला शिकायला गेल्यावर. घर नुसतं खायला उठलं होतं. संध्याकाळी सुनीता टीव्ही लावून बसायची आणि विलास टीव्हीकडे बघणाऱ्या सुनीताकडे बघत बसायचा. तेवढ्यात मीना सलमान बंदराच्या गोदामांमागच्या मोकळ्या मैदानावर चार हौशी माणसं बेसबॉल खेळतात असं कळलं. विलास नुसता बघायला म्हणून गेला आणि दुसऱ्या हंगामाला स्वतःचा संघ घेऊन उभा राहिला. नाव ठेवलं सलमाबाद स्टॅलियन्स. सुनीता त्यांना घोडे म्हणायची.

यंदा लीगवाल्यांनी नवीन टूम काढली होती. नव्या खेळाडूंची मैदानावर चाचणी घ्यायची, मग चारही संघांच्या प्रशिक्षकांनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचं. याला ड्राफ्ट म्हणतात. निवडलेल्याने गुरुवारी संध्याकाळी आठपर्यंत सही करायची, अठराच्या आतला असेल तर आईबापांपैकी कोणीतरी. सही नाही तर खेळाडू मोकळा. आणि ज्या संघाकडे आठ वाजता नऊ सह्या नसतील तो संघ यंदा नाही, त्यातली माणसं दुसऱ्या संघांत वाटून टाकायची. बेसबॉलला नऊ माणसं लागतातच, आठांत भागत नाही.

विलासकडे जुने पाच होते. ड्राफ्टमध्ये त्याने चार उचलले. मेकॅनिक खिजरने त्याच दिवशी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. बँकेतल्या तेजस्वीने दोन दिवस घेतले. आर्याने नवऱ्याला विचारते म्हणून सांगितलं आणि न विचारताच सही केली. प्रत्येक सहीनंतर विलासच्या छातीवरचा एकेक दगड उतरत गेला. राहिली ती जेनिस घोन्साल्विस, आणि तिला तर त्याने सगळ्यांत आधी उचललं होतं.

बारावीतली ही वसईवाल्यांची पोरगी. शाळेत थ्रोबॉल खेळायची. चाचणीत तिने पहिला चेंडू टाकला तो विलासने ग्लोव्हमध्ये घेतला, आणि त्या रात्री सुनीताने त्याच्या तळहाताला हळदीचा लेप लावला. सुजलेला हात घेऊन माणूस इतका खूश कसा असू शकतो, हे काही तिला कळलं नाही. जेनिसला खेळायचं होतं. ती विलासच्या गाडीतून मैदानावरून परत यायची तेव्हा तोंड बंद नसायचं. अडलं होतं ते बापाच्या सहीपाशी.

बाप का अडला, याचे विलासने चार दिवस तर्क लढवले. शुक्रवारची चर्चमधली मिस्सा बुडेल म्हणून? पण सामने तर दुपारी होते. परीक्षा? ती मार्चमध्ये. मुलगी आहे म्हणून? पण ती थ्रोबॉलसाठी दुबईला जाऊन आली होती. विलासने तिच्या बापाला, व्हिक्टरला, तीन मेसेज पाठवले. पहिल्यात खेळाचे फायदे, दुसऱ्यात कॉलेजप्रवेशाला खेळाचा होणारा उपयोग, तिसऱ्यात नुसतंच जोडलेल्या हातांचं चित्र. तिन्हींना निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

साडेपाचला नावेदचा फोन आला. नावेद मुहर्रकच्या संघाचा प्रशिक्षक, लाहोरचा, माणूस गोड. पण त्या दिवशी विलासला तो जरा जास्तच गोड वाटला.

"विलासभाई, मेरी मानो तो टीम मेरे साथ मिला दो. आप मेरे असिस्टंट. खलास, टेंशन मफी, कोई टेंशन नहीं."

"अभी आठ नहीं बजा है," असं म्हणून विलासने फोन ठेवला आणि क्रेनवाल्यांवर विनाकारण ओरडला.

घरी आला तो थेट खेळाचं सामान असलेली बॅग उचलायला.

"कुठे चालले?" सुनीताने विचारलं.

"त्या व्हिक्टरकडे. समोरासमोर विचारतो, बाबा रे, तुझी अडचण तरी काय आहे?"

"एकटे गेले तर भांडण करून याल. थांबा, मी येते." तिने साडी बदलली, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून जळगावहून आलेल्या बिबड्यांचा डबा पिशवीत घातला. ज्वारीचे ते पापड ती कोणाला सहजासहजी देत नसे. रिफातल्या घरून व्हिक्टरच्या जुफेरला जायला गुरुवारी संध्याकाळी जो वेळ लागतो तो लागला. शुक्रवार-शनिवार सुटी, त्यामुळे सगळं बहरीन वीकेंडला बाहेर पडलं होतं. विलास प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघत होता आणि सुनीता त्याच्याकडे बघून नुसती उसासे टाकत होती.

दार जेनिसच्या आईने, बेनिटाने उघडलं. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून नुकतीच आली असावी, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. दोघांना बघून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग आत वळून म्हणाली, "व्हिक्टर, आले बघ."

विलासला त्यातलं "आले बघ" खटकायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात भाषण तयार होतं आणि ते सांडायच्या आत त्याला ते करायचं होतं. व्हिक्टर एका हॉटेलच्या बेकरीचा प्रमुख, रुंद खांद्यांचा, शांत माणूस. तो उठून उभा राहिला, "बसा" म्हणाला. विलास बसला नाही. त्याने बॅग उघडली.

"व्हिक्टरभाऊ, तुमची काळजी मला समजते. पण सुरक्षेत आपण कुठे कमी पडत नाही. हे बघा." त्याने छातीचं कवच काढून स्वतःवर चढवलं. पट्टा पोटावर पुरेना, तो सुनीताने मागून ओढून धरला. मग त्याने जाळीचा मुखवटा तोंडावर बसवला आणि आतून बोलू लागला. "चेंडू इथे लागला तरी काही होत नाही. मारून बघा वाटलं तर."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली जेनिस म्हणाली, "अंकल, दॅट्स फॉर द कॅचर. आय'म द पिचर."

कवच-मुखवटा चेंडू झेलणाऱ्याचा, आणि जेनिस तर चेंडू टाकणारी. विलास दिवाणखान्याच्या मधोमध त्या अवतारात उभा, आणि समोर व्हिक्टर गंभीर चेहऱ्याने बघतोय. सुनीताने मागचा पट्टा हळूच सोडून दिला.

"माझी हरकतच नाही," व्हिक्टर म्हणाला.

"हरकत नाही?" विलासने मुखवटा वर केला. "मग सही का नाही?"

"तिला निवडलंत हे मला कोणी सांगितलं?"

"म्हणजे काय, ग्रुपवर टाकलं की. फॉर्म पाठवला तुम्हाला."

"आला ना फॉर्म. खाली लिहिलं होतं, प्लीज साइन अँड रिटर्न." व्हिक्टरचा आवाज चढला नव्हता. "अहो, पार्सल असलं तरी माणूस दारात येतो."

विलासच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण बेनिटाने मान खाली घातलेली त्याने पाहिली आणि ते गिळलं.

"आमच्याकडे वसईला," व्हिक्टर सांगू लागला, "साधं बारशाला बोलवायचं असलं तरी घरातली दोन माणसं येतात. बसतात, पाणी पितात, मग सांगतात. फोन करून बोलावलं तर म्हातारी माणसं जात नाहीत, इतका राग येतो त्यांना. मी लहान असताना हसायचो त्यांना." त्याने शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "दोन वर्षांपूर्वी माझा बाप गेला. लगेच रजा मिळाली नाही, विमानही मिळालं नाही. माती झाली तेव्हा मी इथे, ह्याच खुर्चीत. फोन सारखा वाजत होता. आरआयपी, आरआयपी. फुलं, मेणबत्त्या, सगळ्यांची सारखीच. या बिल्डिंगमध्ये आपल्या लोकांची इतकी घरं आहेत. दाराची बेल एकदाही वाजली नाही."

सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही.

"त्यांना दुःख नव्हतं असं नाही," व्हिक्टर म्हणाला. "सवय गेली, एवढंच. पण तेव्हा ठरवलं, माझ्या पोरीच्या बाबतीत कोणाला काही हवं असेल तर त्याने माझ्या दाराशी यायचं. तुम्ही दोनदा तिला गाडीने सोडलंत. खालून हॉर्न दिलात आणि गेलात. मी गॅलरीत उभा होतो. म्हटलं, आता येतील वर, आता येतील."

विलासला मान वर करवेना. ते दोन्ही दिवस त्याला आठवत होते. घाई कसलीच नव्हती. वर जावं असं त्याच्या मनातच आलं नव्हतं, कारण हल्ली कोणीच जात नाही. जळगावात कोणी त्याच्या बहिणीला असं कोपऱ्यावर सोडून गेलं असतं तर त्याने भर चौकात त्याची खरडपट्टी काढली असती. इतका साधा माणूसपणा आपण कुठल्या विमानतळावर सोडून आलो, असं त्याला वाटलं. चार दिवस तो या माणसाला आडमुठा म्हणत होता.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. मग त्याने मुखवटा आणि छातीचं ते कवच उतरवलं, शर्ट नीट केला आणि सोफ्यावर व्यवस्थित बसला. शेजारी सुनीता बसली. बेनिटाने पाणी आणलं, दोघांनी ते पूर्ण प्यायलं. सुनीताने बिबड्यांचा डबा तिच्या हातात दिला आणि तळताना तेल चांगलं तापू द्यायचं, हेही सांगितलं.

मग विलास म्हणाला, "व्हिक्टरभाऊ, बेनिटाताई, आमचा एक लहानसा संघ आहे. तुमच्या जेनिसच्या हातात जे आहे ते मी माझ्या उमेदीच्या काळातसुद्धा कोणाच्या हातात पाहिलं नाही. तिला आमच्याकडे खेळायला पाठवाल का? हे विचारायला आलोय."

भाषणात हे वाक्य नव्हतं.

व्हिक्टरने बायकोकडे बघितलं. बेनिटा म्हणाली, "पाठवू की. एवढं घरी येऊन विचारतायत."

व्हिक्टरने खिशातून पेन काढलं आणि टीपॉयवर सही केली. हॉटेलच्या मोठमोठ्या केकवर नावं काढणाऱ्या हाताची ती सही इतकी सावकाश झाली की विलासचा जीव टांगणीला लागला. जेनिसने "यल्ला पापा!" म्हणून घाई केली, फोटो काढला आणि लीगवाल्यांना पाठवला. आठ वाजायला थोडा अवकाश होता. लगोलग नावेदचा मेसेज आला, "मुबारक हो भाईजान. अब मैदान में मिलते हैं." विलासला तो पुन्हा नेहमीसारखा गोड माणूस वाटू लागला.

चार दिवसांचा ताण एकदम उतरला की माणसाला हसावं की झोपावं कळत नाही, तसं विलासचं झालं. व्हिक्टरने घरी केलेला केक कापला. विलासने त्यात अंडं आहे का हेही विचारलं नाही, साखरेचं तर नावच काढलं नाही. दोन तुकडे खाल्ले आणि सुनीताने डोळे वटारले तेव्हा तिसरा अर्ध्यावर ठेवला. बिबड्या तळून झाल्या, त्याही संपल्या. जळगाव आणि वसईच्या केळ्यांत गोड कुठली यावरून वाद झाला, तो मिटला नाही आणि मिटवायची कोणाला घाईही नव्हती.

निघताना सगळे दारापर्यंत आले. व्हिक्टरने जेनिसच्या खांद्यावर हात ठेवला, तिला किंचित पुढे केलं आणि म्हणाला, "सांभाळा हं हिला."

विलासने नुसती मान हलवली. ओजस कॅनडाला गेल्यापासून कोणी त्याच्यावर असं काही सोपवलं नव्हतं. संघ वाचला म्हणून तो सुटकेचा निःश्वास टाकतच होता, पण त्याहून मोठं काहीतरी पदरात पडलं होतं आणि ते त्याला आवडलं होतं.

"उद्या चारला प्रॅक्टिस," तो जेनिसला म्हणाला. "मी न्यायला येतो."

"ओके अंकल, जस्ट गिव्ह मी अ मिस्ड कॉल. आय'ल कम डाउन."

"नाही बेटा," विलास म्हणाला, "मी वर येतो."

"मग साडेतीनलाच या," व्हिक्टर म्हणाला. "चहा घेऊन निघा."