चालता नंबर

माझा धाकटा भाऊ नंबर विकतो. असं सांगितलं की लोकांना वाटतं काहीतरी जुगाराचं असणार. तसं नाही, फोनचे नंबर. एकच आकडा चार वेळा येणारे, शेवटी शून्यांची रांग असलेले, एकदा ऐकले की डोक्यातून न जाणारे. शिवाय वेबसाइटची नावंही विकतो. कुठे नव्या दुकानाची पाटी रंगायला लागली की हा समोर चहा पीत उभा. पेंटरची शेवटची अक्षरं वाळायच्या आत याने ते नाव मोबाइलवरून आपल्या नावे करून टाकलेलं असतं. मालकाला सहा महिन्यांनी जाग येते, तेव्हा त्याचंच नाव हा त्याला विकतो आणि वर म्हणतो, "तुमच्यासाठीच जपून ठेवलं होतं." या माणसाला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय. एकदा तरी पाडला असता तर बरं झालं असतं.

नंबरांचं वेड त्याने आईकडून उचललं. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर बसायची. एकतीस वर्षं कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ होते. कोणी नुसतं "डॉक्टरांना जोडा" म्हटलं तरी वही न उघडता जोडून द्यायची आणि वर "ते आज उशिरा येतात" हेही सांगायची. तीच आई गेल्या चार वर्षांत हळूहळू पुसत गेली. आधी नातवंडांची नावं गेली, मग गॅस बंद करायची आठवण गेली, मग आमचे चेहरे. शेवटी तिच्या डोक्यात एकच नंबर उरला, आणि तो माझा होता.

माझा नंबर म्हणजे ना शेंडा ना बुडखा. एक आकडा दुसऱ्याला धरून नाही. आजारी माणसांजवळ बसायला मी घरोघरी बायका पाठवते, 'उशाशी' नावाची माझी संस्था आहे, आणि अठरा वर्षं तिचा हाच नंबर होता. लोक तो लिहून घ्यायचे आणि कागद हरवायचे. आईला मात्र कागद लागत नव्हता. दिवसातून चार-पाच वेळा ती घरच्या फोनची बटणं दाबायची.

"तू आहेस ना?"

"आहे गं."

"बरं."

आणि ठेवून द्यायची. एवढंच. मी समोर जाऊन उभी राहिले तर "कोण हवंय आपल्याला?" म्हणून विचारायची. फोनवर मात्र मी तिची लेक होते. मला वाईट वाटायचं, पण नंतर सवय झाली. फोन तर फोन, कुठेतरी आहे ना मी तिच्यात, असं म्हणायचे.

मध्ये एका भामट्याने तिला फोन केला होता. तुमच्या मुलीला अपघात झालाय, बँकेचा नंबर सांगा. नशीब, मावशी तिथे होत्या. मावशी म्हणजे माझ्याच संस्थेतल्या, दिवसभर आईजवळ असतात. त्यांनी फोन हिसकावून घेतला. त्यानंतर मी महिनाभर आईच्या मागे लागून एकच गोष्ट घोटून घेतली. "आई, बाहेरून आलेला फोन खरा धरायचा नाही. दारात कोणी येऊन काहीही सांगो, विश्वास ठेवायचा नाही. तू स्वतः लावलेला नंबर तेवढाच खरा." जेवली की नाही हे दहा मिनिटांत विसरणाऱ्या बाईच्या डोक्यात हे मात्र पक्कं बसलं. मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

आणि मग एक दिवस धाकटा माझ्या ऑफिसात आला. ऑफिस कसलं, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर बायकांच्या पाळ्यांचा तक्ता.

"ताई, कोपऱ्यावर कोटवाल्याने तुझ्याच धंद्याची एजन्सी टाकलीय, बघितलंस? नंबर कसला घेतलाय त्याने. आणि तुझा? पोस्टातल्या पावतीचा वाटतो."

कोटवाला म्हणजे भर उन्हाळ्यात कोट घालून फिरणारा एक गृहस्थ. त्याच्या एजन्सीच्या पाटीवर दिवे लागतात, माझ्या पाटीवर कबुतरं बसतात.

धाकट्याने डोळे मिटले. नंबर म्हणून दाखवताना तो नेहमी डोळे मिटतो, आमच्या आईसारखे. "सहा वेळा सात, मग चार शून्यं. म्हणून बघ."

मी म्हणून बघितला. उगाच खोटं कशाला बोलू, मला आवडला. अठरा वर्षं लोकांना एकेक आकडा दोनदोनदा सांगून माझा घसा बसला होता. मलाही वाटलं, असावं आपलंही काहीतरी देखणं.

"पण आईचं काय? तिला जुनाच येतो."

"वेडी आहेस का तू? जुना बंद कुठे करतोय? तो माझ्याकडे ठेवतो आणि त्यावर आलेला प्रत्येक फोन तुझ्या नव्या नंबरवर वळवतो. आई जुना दाबेल, वाजेल तुझ्याकडे. तिला पत्ताही लागणार नाही." त्यासाठी जुना नंबर त्याच्या नावावर करावा लागणार होता. त्याने कागद पुढे केला. "आणि 'उशाशी'चं वेबसाइटचं नावही घेऊन ठेवलंय मी. दुसऱ्या कोणी पळवायला नको."

मला भरून आलं. खरंच आलं. मी सही केली आणि वर त्याला चहा पाजला.

नवा नंबर पहिल्या दिवसापासून वाजायला लागला. मला वाटलं, धंद्याला बरकत आली. कसली बरकत? ज्याला स्वतःचा नंबर द्यायचा नसतो तो फॉर्मवर मनाला येईल तो नंबर ठोकून देतो, आणि मनाला काय येतं? सहा वेळा सात आणि चार शून्यं. अख्ख्या शहराने दुकानांच्या कार्डांवर, कर्जाच्या कागदांवर माझा नंबर लिहून ठेवला होता. कोणी पार्सल घेऊन रिकाम्या प्लॉटवर उभा आणि मला शिव्या देतोय. वसुलीवाले तर दिवसाला वीस. एक बाई "उचललास एकदाचा" म्हणून रडायलाच लागली. तिचा नवरा तिला माझा नंबर देऊन पळाला होता. धाकट्याला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही. असे नंबर तो रोज हाताळतो. पण त्याच्या धंद्यात नंबर कानाला कसा लागतो तेवढंच बघतात. पुढे वाजल्यावर काय होतं ते घेणाऱ्याने बघायचं.

मी अनोळखी फोन घ्यायचे बंद केले. त्या गोंधळात कधी स्क्रीनवर 'आई' दिसायचं आणि मी म्हणायचे, दोन मिनिटांनी करते. दोन मिनिटांचे दोन तास व्हायचे. मग एक दिवस लक्षात आलं की 'आई' दिसलंच नाही बऱ्याच दिवसांत. तीन आठवडे तरी. तेव्हा मी काय केलं? मला हायसं वाटलं. आई शांत झाली असेल, मावशींचा लळा लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढच्या वसुलीवाल्याशी भांडायला लागले.

रविवारी मी आईकडे गेले. तिने "कोण हवंय?" विचारलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मावशींनी चहा आणला.

"बाई, तुम्ही किती गोड बोलता हो हल्ली त्यांच्याशी," मावशी म्हणाल्या. "परवा वीस मिनिटं चाललं होतं. पूर्वी आपलं 'आहे' म्हणायच्यात की ठेवलं."

"कोण बोललं वीस मिनिटं?"

"तुम्हीच की."

मी जिन्यात जाऊन स्वतःच्या जुन्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"नमस्कार, उशाशी. आम्ही घरचेच आहोत, बोला ना."

आवाज खरंच गोड होता. मी फोन ठेवला आणि वेबसाइटचं नाव टाकून बघितलं. एका हसऱ्या म्हातारा-म्हातारीचा फोटो, वर 'उशाशी', खाली माझा अठरा वर्षांचा नंबर आणि पत्ता कोटवाल्याच्या एजन्सीचा.

धाकट्याचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ. भिंतभर कार्डं टांगलेली, एकेका कार्डावर एकेक नंबर. मी आत शिरले तर एका कार्डाखाली तो किंमत लिहीत होता.

"विकलास?"

त्याने नाटक केलं नाही. "ताई, तो चालता नंबर होता. दिवसाला पंधरा-सोळा गिऱ्हाइकं त्यावर फोन करतात. असा नंबर नुसता वळवत ठेवायचा म्हणजे नासाडी. नंबर आणि नाव जोडीने गेलं, म्हणून भाव आला. तुला त्याच्याहून देखणा नंबर फुकट दिलाय ना मी?"

"ती माझी गिऱ्हाइकं होती, मेल्या. आणि आई?"

"आईला काय कळतंय? ती फोन लावते, समोरून कोणीतरी उचलतं, नीट बोलतं. कोटवाल्याची ताकीद आहे, वयस्कर आवाज आला की आई म्हणायचं. घरचा पत्ताही देऊन ठेवलाय मी त्यांना." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तू तरी उचलत होतीस का? विकायच्या आधीच्या आठवड्यात एकतीस वेळा वळवलाय मी तिचा फोन. नऊ वेळा घेतलास. मला दिसतं सगळं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. कार्डं हलली, तो हलला नाही. "परत घे तो नंबर," मी म्हटलं. "कोटवाला देणार नाही," तो गाल चोळत म्हणाला. "मी असतो तर मीही दिला नसता."

तशीच आईकडे गेले. वाटेत ठरवलं होतं की शांतपणे सांगायचं, नवा नंबर शिकवायचा. सोपा तर आहे. पण तिला खुर्चीत फोनशेजारी बसलेली बघितलं आणि माझा बांध फुटला. मी तिचे हात धरले आणि म्हणत सुटले, आई, मी आहे, फोनवर असते ती मी नाही, ती दुसरीच कोणी आहे, ऐक ना, सहा वेळा सात.

आई घाबरली. हात सोडवून घेऊन तिने फोन ओढला आणि भराभर बटणं दाबली. एकही चुकलं नाही.

"तू आहेस ना? घरात कोणी बाई शिरलीय. रडतेय, माझे हात ओढतेय. तुझ्याविषयी वाईटसाईट बोलतेय. तू ये."

पलीकडून आवाज ऐकू आला, "घाबरू नका हं, आई. मी निघतेच."

मावशी मध्ये पडल्या. "अहो, ही तुमची लेकच आहे."

"काहीतरीच काय," आई म्हणाली. "माझी लेक फोनवर आहे."

मी जितकी जवळ जायचे तितकी ती खुर्चीत मागे सरकायची. शेवटी मीच बाहेर आले. आईने मावशींना दाराला कडी लावायला लावली. मी जिन्यात बसून राहिले.

वीस मिनिटांत एक बाई धापा टाकत वर आली. माझ्याच वयाची, अंगात निळा एप्रन, छातीवर 'उशाशी' शिवलेलं. रविवार असून आली होती. असं हातातलं टाकून धावत यायला मी माझ्या बायकांना अठरा वर्षं शिकवत आलेय. तिला शिव्या देण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"तुम्ही त्यांच्या कोण?" तिने मला विचारलं.

आत आई रडत होती. मी उत्तर द्यायला लागले असते तर ते संपायला बराच वेळ लागला असता. मी पाय आवरून घेतले आणि तिला वर जायला वाट दिली.

"आई, मी आलेय," ती दाराशी म्हणाली.

कडी निघाली. "आलीस?" आई म्हणाली. "मला माहीत होतं, तू येशील." मग दार लागलं आणि आतून पुन्हा कडी बसली.