देव मेलेला असताना

गुड फ्रायडेला दुपारचे तीन वाजले आणि चर्चच्या अंगणातून लाकडी खुळखुळ्याचा कोरडा कडकडाट आला. घंटा गुरुवारपासूनच मुक्या होत्या. ख्रिस्ताचा लाकडी देह क्रुसावरून उतरवून काचेच्या पेटीत निजवला गेला होता. देव मेला होता. आता रविवारच्या पहाटेपर्यंत वर कोणी नाही, पाहणारे डोळे मिटलेले आहेत, आणि म्हणून या अवधीत केलेलं पाप पापात धरलं जात नाही, असं आमच्या डोंगरात मानतात. पोरं शेजाऱ्यांच्या कोंबड्या पळवतात, बायका हसत हसत शिव्या घालतात.

त्या वर्षी मात्र तो आवाज ऐकताच माझ्या वडिलांनी लोकरीचं कांबळं छातीशी आवळलं.

"इलारिया, वाजले तीन?"

"वाजले, बाबा."

"संपलं मग. आता मेलो तर मला माफ कोण करणार?"

त्यांच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं. प्रत्येक श्वास विहिरीच्या तळातून ओढून काढावा तसा वर येई. रविवार फार दूर होता.

त्यांच्या भीतीमागे एक जुनी गोष्ट होती, बंदूकवाले गावात शिरत त्या वर्षांतली. त्यांनी चौकात सगळ्या पुरुषांना उभं केलं आणि गद्दार कोण ते विचारलं. माझ्या वडिलांनी, नेमेसिओ यांनी, बोट उचललं आणि शेजारच्या दिओनिसिओकडे दाखवलं. दिओनिसिओला दरीकडे नेलं. तो परतला नाही. वडील पुढे आयुष्यभर म्हणत राहिले, मी बरोबरच केलं, नाहीतर सगळेच गेलो असतो. पाद्रीबाबांपुढे त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. जे बरोबर होतं त्याची कबुली कसली? या हिवाळ्यात ते वाक्य त्यांच्या आतच मोडून पडलं, आणि आता पाद्रीबाबा डोंगरापलीकडे होते.

प्रार्थना चालवणारे मेलितोन आले. त्यांनी टोपी काढली.

"भिऊ नकोस, नेमेसिओ. स्वतःच्या चांगुलपणावर कोणीच सुटत नाही. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्यावर पांघरुणासारखं घातलं जातं. त्याच्या शेजारच्या क्रुसावरचा तो चोर आठव. त्याच्याकडे दाखवायला काय होतं? तरी ख्रिस्ताच्या एका शब्दावर शुक्रवारीच सुटला."

"तीनच्या आधी सुटला," वडील धापा टाकत म्हणाले. "तेव्हा देव जिवंत होता. आता पांघरूण घालणाराच पेटीत निजलाय."

"अरे, देव तसा मरत नाही. ही अडाणी समजूत."

"मग मागल्या वर्षी याच दिवशी माझी मेंढी कुणाच्या हिमतीवर नेलीस?"

मेलितोनांचे कान लाल झाले. टोपी चुरगाळत ते काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. वडिलांना हसू आलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "फोर्तुनाताला बोलाव."

दिओनिसिओची विधवा, आणि आजच्या दिवशी, जेव्हा तिने काहीही केलं तरी तिला पाप लागणार नव्हतं!

ती आपल्या दारात बटाटे सोलत होती. माझा निरोप ऐकून तिने हातातला बटाटा सोलून संपवला. मग म्हणाली, "आज? आजचा दिवस कुठला, ते विसरला वाटतं म्हातारा." ती उठली, आणि सुरी तिने कमरेच्या विणलेल्या पट्ट्यात खोचली. सारी गल्ली मी तिच्या मागे, त्या पात्यावर नजर ठेवून, चालत आले.

"बाहेर थांब, पोरी."

"नाही, मावशी."

"मग राहा. पण मध्ये तोंड उघडायचं नाही."

ती खाटेजवळ उभी राहिली. खोलीतला उजेड राखेच्या रंगाचा होता. तिने सुरी काढली आणि हातात तोलली.

"दरवर्षी आजच्या दिवशी मी तुझ्या दारापर्यंत आलेय. ही घेऊन. आणि दरवर्षी परत गेलेय. का, ते मलाच कळलं नाही. देवाची भीती म्हणावी, तर तो मेलेला असायचा."

वडिलांनी डोळे मिटले नाहीत. "त्याने काही केलं नव्हतं," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. बोट उचलताना ठाऊक होतं. मी बरोबर नव्हतो." श्वास अडकला, पुन्हा सुटला. "मला माफ कर. आज दुसरं कोणीच नाही."

ती हसली, ते हसणं ऐकून मी भिंतीला टेकले.

"वा! देव घरी नाही, म्हणून माझी आठवण?"

मग सुरी तिने खिडकीत ठेवली.

"रविवारी माफी मागितली असतीस, तर देवाला दाखवायला दिली असती. किंवा त्याच्या धाकाने. आज कुणी बघत नाही. मला काही मिळायचं नाही." तिने हात शालीला पुसले. "दिली. जा."

पण भीती वडिलांच्या डोळ्यांतून हलली नाही. "देवाला कोण सांगणार? तो उठायच्या आधीच मी स्वर्गाच्या दाराशी पोहोचलो तर?"

"तिथेच थांब. उठला की पहिली मी सांगेन. माझ्या माणसाविरुद्ध तू साक्ष दिलीस. तुझ्या बाजूने मी देईन."

शनिवारी, ऊन अंगणात आलेलं असताना, ते गेले. त्यांचा हात माझ्या हातात गार होत असताना मला जाणवलं की फोर्तुनाताचा तो शब्द शुक्रवारी दिलेला होता. ज्या दिवशी खून मोजला जात नाही, त्या दिवशी खोटं तरी कोण मोजणार? तिने केवळ एका मरणाऱ्याची थट्टा केली असेल तर?

रविवारी पहाटे घंटा वाजल्या. मेणबत्त्यांचा उभा डोंगर वाटावा अशी पालखी खांद्यांवर घेऊन माणसं चर्चबाहेर आली. शिखरावर मरणातून उठलेल्या ख्रिस्ताची मूर्ती डुलत होती. गर्दीला कोपरांनी सारत फोर्तुनाता पुढे गेली आणि वाटेतच उभी राहिली. वाहणारे थबकले. "ए म्हातारे, बाजूला हो की!" कुणीतरी ओरडलं. तिचे ओठ मिटलेलेच होते. मेण तिच्या शालीवर ठिबकत होतं.

मग ती वळली. माणसांतून वाट काढत थेट माझ्याकडे आली. तिचा श्वास माझ्या तोंडावर आला.

"पोरी, तुझ्या बापाचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव काय गं? इतकी वर्षं मी त्याला नुसतं 'तो' म्हणत आले. साक्ष द्यायची, तर नाव नीट घ्यायला हवं."

मी नाव सांगितलं: नेमेसिओ अमादेओ किकान्या. तिने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि ती मेणबत्त्यांकडे परत निघाली.