रेतीची साक्ष

"बोल माते, बोल!" नादबाबानं चिमटा खणखणवला आणि अनवाणी पाय घासत चार पावलं टाकली. पायाखालची रेती कुईं-कुईं बोलली. वैनगंगेच्या वळणावर जमलेल्या गर्दीनं एकदम हात जोडले. सत्त्याऐंशीचा उन्हाळा, चामोर्शीचा आठवडी बाजार अर्धा ओस आणि माणसं सगळी नदीत. तळवे भाजत होते, पण हलतो कोण? देवी बोलून राहिली होती ना!

"ही रेती नव्हे बच्चा, मातेची जीभ आहे! पुण्यवंताच्या पायाखाली बोलते, पाप्याच्या पायाखाली मुकी होते. मुतखडा, सवत, कोर्टाची तारीख, सबका फैसला यहीं!"

दवाखान्यातली नर्स सत्यशीला गर्दीत घुसली ती संतापूनच. मुखरूच्या पोराला हिवताप होता. तिनं स्वतः रक्त तपासायला पाठवलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. या बाबानं त्या गोळ्या नदीत फेकायला लावल्या आणि शेजारच्या बुधरीनं पोरावर करणी केली असं सांगून टाकलं. बुधरी एकटी राहणारी म्हातारी, मोहफुलं न् डिंक वेचून पोट भरायची. आज रेती मुकी राहिली की बुधरी चेटकीण. मग तिची झोपडी जाळून तिला हाकलायचं, हे आधीच ठरलं होतं. एकट्या बाईवर मर्दुमकी गाजवायला गावाला कसा हुरूप येतो, ते त्या दिवशी बघावं!

"मुखरूभाऊ, पोराले गोळ्या द्या. ताप डोक्यात जाईन," सत्यशीला म्हणाली.

"पहिले चेटकीन काढतो बाई, मंग गोळ्या." मुखरूचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"पहिले शुद्धी!" बाबानं बुधरीच्या पुढ्यात मुठी भरभरून अंगारा उधळला, चिमट्यानं रेतीत कालवला. "चल म्हातारे."

बुधरी चालली. रेती हूं का चूं करेना. गर्दीत ओरडा झाला, कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. ते म्हातारीच्या खांद्याला लागलं.

सत्यशीला मात्र त्या अंगाऱ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती बुद्धविहारातल्या मंडळींबरोबर जपानला गेली होती. तिथल्या भिक्खूंनी त्यांना एका समुद्रकिनाऱ्यावर नेलं. मागं पाइनची झाडं, पुढं निळं पाणी, आणि चाललं की रेती अशीच कुईं-कुईं करायची. मंडळी हरखली आणि जागा पवित्र वाटली म्हणून रेतीतच उदबत्त्या खोचून बसली! एक जपानी आजी धावत आली, डोक्याचा रुमाल सोडून त्यात राख गोळा करू लागली. दुभाष्यानं समजावलं, रेतीचे कण गोल, कोरडे आणि स्वच्छ असले की एकमेकांवर घासून आवाज निघतो. त्यांत राख मिसळली की संपलं. तेव्हा सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज ती पेटली.

"हात लावून पाहा कोणी बाईले!" ती बुधरीपुढं जाऊन उभी राहिली. मग खाली बसली आणि सगळ्या गावादेखत म्हातारीचे राखेनं माखलेले तळवे आपल्या पदरानं पुसले. "बुधरीबाई, तिकडच्या रेतीवर चाला. जरा पाय घासत."

बुधरी चालली आणि रेती कुईं-कुईं बोलली.

"आता महाराज, तुमी तुमच्या अंगाऱ्यावरून चाला."

"माता अब विश्राम कर रही है..."

"चाला महाराज!" मुखरूनं त्याचा दंडच धरला. बाबाला चालावं लागलं. रेती मुकी. मुखरूनं त्याच्या झोळीतला अंगारा घेतला, कोऱ्या रेतीत कालवला, स्वतः चालला. तिथंही मुकी.

"दिसलं ना?" सत्यशीला ओरडली. "राख मिसळली का रेती बोलत नाई! ज्याले पापी ठरवायचं, त्याच्याच पुढं हा अंगारा टाकते. पोराले मच्छरानं हिवताप दिला, बाईनं नाई!"

बाबा सटकायला लागला, पण पोलीस पाटलानं त्याची मानगूट धरली. आणि गर्दी? तिचं वारं लगेच फिरलं. "बुधरी सती हाये! रेतीनं साक्ष देल्ली!" म्हणत दोघीतिघी तिच्या पाया पडायला वाकल्या. सत्यशीलानं कपाळावर हात मारून घेतला.

बुधरीनं पाय मागं ओढले.

"नोका लागू पाया! रेती बोलली म्हून मी चांगली काय? रेती वल्ली असती तं जाळलंच असतं ना माह्यं घर? मुखरू, तुही नाळ मीनं कापली. तवा तुह्या मायनं रेतीले इचारलं होतं काय?"



बाबांनो, रेती कशी बोलते ते न कळणं हा काही गुन्हा नव्हे. पण आयुष्यभर ओळखीच्या बाईवर रेतीची साक्ष काढणं, हा गुन्हा आहे. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, कसं केलंस? आणि कुणाला चेटकीण म्हटलं, तर विचारूसुद्धा नका, आडवे या.

सत्यशीलानं पिशवीतून गोळ्यांची नवी पुडी काढली. मुखरू हात पुढं करायला धजेना. बुधरीनंच पुडी घेतली आणि त्याच्या मुठीत कोंबली.

"उभा काऊन राह्यला? जा, पोराले गोळी दे."